गोळ्यांची वजनं जुळत नाहीत? आधी चूक किती पट आहे ते बघा

धातूचे दोन-चार भरीव गोळे समोर आहेत. व्यास मोजला, धातू कोणता ते माहीत आहे, घनता तक्त्यातून घेतली, वजन काढलं. मग गोळा काट्यावर ठेवला आणि आकडा भलताच आला. किंवा काटाच नाही, पण दोघांनी तेच गणित केलं आणि एकाच्या मते ॲल्युमिनिअमचा गोळा जड, तर दुसऱ्याच्या मते स्टीलचा. ही तक्रार माझ्यापुढे इतक्यांदा आली आहे की आता मी सगळं गणित पहिल्यापासून तपासायला बसत नाही. आधी एकच गोष्ट विचारतो: आलेलं उत्तर खऱ्या वजनाच्या किती पट आहे?

हा आकडा हातात आला की चूक बहुतेक वेळा लगेच सापडते. आठपट, हजारपट, पाऊणपट, आठ टक्के, प्रत्येक चुकीचा आपापला ठसा असतो.

ठशांकडे वळण्यापूर्वी तुलना करण्याची पद्धत सुटसुटीत करून घेऊ, कारण निम्म्या चुका नको तेवढं गणित केल्यामुळेच होतात. गोळ्याचं घनफळ म्हणजे ४/३ × पाय (π) × त्रिज्येचा घन. हेच व्यासात लिहिलं तर व्यासाचा घन × ०.५२३६. (गणिताच्या पुस्तकात घनफळ आणि विज्ञानाच्या पुस्तकात आकारमान, हे एकच. या दोन शब्दांनी गोंधळलेली मुलं मी पाहिली आहेत.) आता ०.५२३६ हा आकडा प्रत्येक गोळ्याला सारखाच लागणार. नुसती तुलना करायची असेल तर तो सोडून द्या. उरतं ते एवढंच:

व्यास × व्यास × व्यास × घनता

व्यास सेंटिमीटरमध्ये, घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये. चार गोळे घेऊन पाहू.

ॲल्युमिनिअम, ३० मिमी: २७ × २.७० = ७२.९
शिसं, १८ मिमी: ५.८३२ × ११.३४ = ६६.१
स्टील, २० मिमी: ८ × ७.८५ = ६२.८
तांबं, १९ मिमी: ६.८५९ × ८.९६ = ६१.५

क्रम लागला. पाय लागला नाही, अपूर्णांक लागला नाही. ग्रॅममध्ये वजन हवंच असेल तर शेवटी ०.५२३६ ने गुणा: ३८.२, ३४.६, ३२.९ आणि ३२.२ ग्रॅम. या चौघांत सगळ्यात हलक्या धातूचा गोळा सगळ्यात जड निघाला, हे नीट पाहून ठेवा. घनता एकदाच गुणली जाते, व्यास तीनदा. स्टीलच्या २० मिमी गोळ्याची बरोबरी करायला ॲल्युमिनिअमचा गोळा फक्त २८.५ मिमीचा लागतो, कारण घनतांचं गुणोत्तर २.९१ असलं तरी त्याचं घनमूळ अवघं १.४३ आहे.

आता ठसे.

आठपट किंवा एक-अष्टमांश

व्यास आणि त्रिज्या यांची अदलाबदल. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. व्हर्नियरने, म्हणजे वस्तू जबड्यांत धरून मोजायच्या पट्टीने, मोजतो तो व्यास, सूत्रात असते ती त्रिज्या, आणि मधला दोनाने भागाकार राहून जातो. मग २० मिमीचा स्टीलचा गोळा ३२.९ ऐवजी २६३ ग्रॅमचा होतो. हीच चूक सगळ्याच गोळ्यांच्या बाबतीत झाली तर क्रम बरोबरच येतो, म्हणून ती लपून राहते. एकाच गोळ्याच्या बाबतीत झाली, म्हणजे एकाचा व्यास दिलेला आणि दुसऱ्याची त्रिज्या, तर मात्र सगळा निकाल उलटतो. गणितात 'त्रिज्या' आणि 'व्यास' हे शब्द पेन्सिलीने अधोरेखित करा, मगच आकडे भरा.

इथे एक फसवा भाऊबंद आहे. घनतांचं गुणोत्तर उलटं मांडलं, म्हणजे खालचा आकडा वर आणि वरचा खाली, तर चूक त्या गुणोत्तराच्या वर्गाएवढी होते. स्टील आणि ॲल्युमिनिअमच्या जोडीत हा वर्ग ८.४५ येतो, म्हणजे 'साधारण आठपट'च. त्रिज्येची चूक समजून लोक तासभर व्यास तपासत बसतात. दशांशापर्यंत भागाकार करा. अगदी ८.०० आलं तर त्रिज्या, ८.४५ च्या आसपास आलं तर उलटलेली घनता.

हजार, दहा लाख, किंवा १६.४

एककं. व्यास मिलिमीटरमध्ये ठेवून घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर घेतली की २० मिमीचा गोळा तेहतीस किलोचा होतो. एका सेंटिमीटरमध्ये दहा मिलिमीटर असतात, पण एका घन सेंटिमीटरमध्ये एक हजार घन मिलिमीटर असतात. डोक्याला हे ठाऊक असतं, हाताला नसतं. घनता ७८५० अशी, म्हणजे किलोग्रॅम प्रति घन मीटरमध्ये घेतली आणि व्यास सेंटिमीटरमध्येच ठेवला, तर किलोग्रॅममधलं उत्तर दहा लाख पटींनी फुगतं. छर्ऱ्यांची, म्हणजे बेअरिंगमधल्या स्टीलच्या गोळ्यांची, मापं पुष्कळदा इंचात असतात. इंचाचा आकडा सेंटिमीटर समजून घातला तर उत्तर १६.४ पटींनी कमी येतं, कारण २.५४ चा घन तेवढा आहे.

यावर माझा साधा उपाय असा. आकडेमोड करण्याआधी मनात एक चौकोनी डबा आणा, गोळा अगदी बरोब्बर मावेल असा. गोळा त्या डब्याची निम्म्याहून थोडी जास्त जागा घेतो, ५२ टक्के. २० मिमीच्या गोळ्याचा डबा ८ घन सेंटिमीटरचा, म्हणून गोळा चारच्या थोडा वर. ४१८८ असं काही दिसलं तर घनतेने गुणण्याआधीच थांबायचं.

पाऊणपट

हा ठसा संगणकावर हिशोब करणाऱ्यांचा. सी आणि जावा या भाषांत ४ आणि ३ हे दोन्ही पूर्णांक लिहिले तर ४/३ चं उत्तर १ येतं, अपूर्णांक गळून जातो. पायथनच्या आजच्या आवृत्तीत एका तिरक्या रेघेने असं होत नाही, पण दोन तिरक्या रेघा दिल्या तर होतं. सगळी वजनं सारखीच पाऊण होतात, क्रम अचूक राहतो, आणि प्रत्यक्ष काट्यावर वजन करेपर्यंत कुणाला शंका येत नाही. ४.०/३.० लिहा, विषय संपला.

घातासाठी टोपीचं चिन्ह (^) वापरणं ही त्याच घरातली दुसरी चूक. स्प्रेडशीटमध्ये ते चालतं. पायथनमध्ये मात्र पूर्णांकांवर ते चिन्ह घात करत नाही, द्विमान अंकांची 'एक्सॉर' क्रिया करतं. तिथे २ टोपी ३ म्हणजे १, आणि ३ टोपी ३ म्हणजे चक्क ०. गोळ्याचं वजन शून्य आलं तर कारण शोधायला दूर जायला नको. घातासाठी तिथे गुणिल्याची दोन चिन्हं लागतात.

९.८ पट

वस्तुमान किलोग्रॅममध्ये काढायचं की वजन न्यूटनमध्ये, एवढाच प्रश्न. तुलनेवर काही परिणाम नाही.

पट बदलत राहते

एका गोळ्यासाठी उत्तर तिप्पट, दुसऱ्यासाठी दुप्पट, तिसऱ्यासाठी बरोबर! असं दिसलं तर घनफळाऐवजी पृष्ठफळाचं सूत्र वापरलं गेलं आहे. ४ × पाय × त्रिज्येचा वर्ग आणि ४/३ × पाय × त्रिज्येचा घन ही दोन्ही सूत्रं त्रिज्या ३ सेंटिमीटर असताना सारखाच आकडा देतात, ११३.१. म्हणून नमुन्यादाखल नेमका ६ सेंटिमीटर व्यासाचा गोळा घेणाऱ्याला ही चूक कधीच कळत नाही. ही चूक मी गंभीर मानतो, कारण ती तुलनाच बिघडवते. वरचेच गोळे घ्या: पृष्ठफळ वापरलं तर २० मिमीच्या स्टीलचा आकडा ९८.६ आणि ३० मिमीच्या ॲल्युमिनिअमचा ७६.३. क्रम उलटा!

दोन्ही सूत्रं एकमेकांशी जोडून ठेवली की गोंधळ होत नाही. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात दिलेला नियम यासाठी फार उपयोगी आहे: पृष्ठफळाला व्यासाने गुणायचं आणि सहाने भागायचं, की घनफळ. २ सेंटिमीटरच्या गोळ्यासाठी १२.५७ × २ ÷ ६ = ४.१९. हा पडताळा वेगळ्या वाटेने येतो, म्हणून तो खरा पडताळा. तेच सूत्र दुसऱ्यांदा कॅल्क्युलेटरवर मारलं तर तीच चूक दुसऱ्यांदा होते.

आता अवघड भाग. फरक पटीत नाही, टक्क्यांत आहे. इथे गणित बरोबर असतं, आत जाणारे आकडे चुकलेले असतात.

पहिला संशय व्यासावर. व्यासात एक टक्का चूक म्हणजे वजनात तीन टक्के. साध्या व्हर्नियरचं लघुतम माप, म्हणजे त्यावर वाचता येणारा सगळ्यात लहान फरक, ०.१ मिमी असतं. २० मिमीच्या गोळ्यावर ते अर्धा टक्का, म्हणजे वजनात दीड टक्का. ५ मिमीच्या छर्ऱ्यावर तेच ०.१ मिमी म्हणजे वजनात सहा टक्के, आणि एवढ्या फरकात तर धातूच बदलतो. लहान गोळ्यांना मायक्रोमीटर स्क्रू गेज लावा, ०.०१ मिमीपर्यंत जाता येतं. जबडे मिटवून शून्य त्रुटी, म्हणजे मध्ये काही नसताना शून्याऐवजी दिसणारा आकडा, आधी नोंदवा. ती सगळ्या गोळ्यांना मिलिमीटरमध्ये सारखी असली तरी टक्क्यांत सारखी नसते. लहान गोळ्याचं ती जास्त नुकसान करते.

गोळ्याच्या बाबतीत आणखी एक खोड आहे, जी चौकोनी तुकड्याला नसते. मोठा गोळा आखूड जबड्यांत धरला की जबड्यांची टोकं गोळ्याच्या मध्यरेषेपर्यंत पोचतच नाहीत. मग मोजली जाते ती व्यासापेक्षा आखूड असलेली जीवा. २० मिमीच्या गोळ्यावर टोकं मध्यापासून फक्त २ मिमी अलीकडे राहिली तरी माप १९.६ येतं. दोन टक्के कमी, म्हणजे वजनात सहा टक्के कमी. गोळा जबड्यांच्या सपाट, रुंद भागात आत सरकवून धरा, फिरवून तीन-चार दिशांनी मोजा. जबडे पुरत नसतील तर गोळा दोन काटकोनी ठोकळ्यांमध्ये ठेवून ठोकळ्यांमधलं अंतर मोजा. तापमानाची काळजी करू नका. खोलीतल्या चढउतारांनी घनफळ एक-दोन दशांश टक्क्यांपलीकडे हलत नाही.

व्यास पक्का झाला आणि तरी पाच-दहा टक्के फरक उरला, तर घनता बघा. 'लोखंड' हा एक शब्द आपण फार सैल वापरतो. शुद्ध लोखंडाची घनता ७.८७, पण बीड, म्हणजे ओतीव लोखंड, बहुधा ७.१ ते ७.३. बिडाच्या गोळ्याला ७.८७ लावलं की आठ-दहा टक्के जास्त वजन येणार, आणि दोष काट्याला दिला जाणार. पितळ तर एक धातूच नाही. तांबं आणि जस्त यांच्या प्रमाणानुसार ते ८.४ ते ८.७ असं फिरतं. स्टेनलेस स्टीलचे काही प्रकार ७.७ च्या जवळ, काही ८ च्या जवळ. छर्ऱ्यांचं स्टील साधारण ७.८. म्हणून मिश्रधातूच्या घनतेला तीन दशांश स्थळं लावून उत्तर चार अंकांत लिहिणं मला पटत नाही. तक्त्यातला आकडाच तेवढा नेमका नसतो.

घनता आणि व्यास दोन्ही तपासूनही जुळेना, तर 'भरीव' या शब्दावर शंका घ्या. माझ्याकडे एकदा मिसळलेल्या गोळ्यांच्या डब्यातून एक २० मिमीचा गोळा आला. वजन भागिले घनफळ केलं तर ७.१३. जस्ताची घनता ७.१४, म्हणून मी तो जस्ताच्या कप्प्यात टाकला. नंतर चुंबक जवळ नेला आणि गोळा टक्कन चिकटला. जस्ताला चुंबक ओढत नाही. गोळा फिरवून पाहिल्यावर त्यात आरपार ५ मिमीचं भोक सापडलं, दोन्ही तोंडं काळ्या मेणाने भरलेली. एवढंसं भोक गोळ्याचा नऊ टक्के धातू घेऊन जातं, आणि ७.८५ ची घनता ७.१३ भासते. तेव्हापासून चुंबक आणि भिंग माझ्या काट्याशेजारीच असतात.

आतून पोकळ असलेला गोळा मात्र बाहेरून दिसत नाही. त्यासाठी उतार वापरा. सरळ फळी थोडी तिरकी करा आणि खात्रीचा भरीव गोळा व संशयित गोळा एकाच वेळी सोडा. न घसरता घरंगळणारे सगळे एकसंध भरीव गोळे, धातू कोणताही असो, आकार कोणताही असो, बरोबरच खाली पोचतात. वजन इथे आडवं येत नाही. पातळ कवचाचा पोकळ गोळा मागे पडतो: एक मीटरच्या फळीवर भरीव गोळा टोकाला पोचतो तेव्हा तो अजून सोळा सेंटिमीटर मागे असतो. कवच जाड असेल तर फरक कमी, पण तीन-चारदा सोडलं की लक्षात येतो. आणि संशयित गोळाच पुढे गेला तर? मग त्याचा गाभा बाहेरच्या भागापेक्षा जड आहे.

हे नुसतं पुस्तकी नाही. पुरुषांच्या गोळाफेकीतला गोळा ७.२६ किलोचा असतो आणि नियमानुसार व्यास ११० ते १३० मिमी. भरीव स्टीलचा असेल तर हिशोबाने व्यास १२१ मिमी यायला हवा, भरीव पितळेचा (घनता ८.५) असेल तर ११८. मग ११० मिमीचा कसा बनतो? तेवढ्या घनफळात ७.२६ किलो बसवायला सरासरी घनता १०.४ लागते, आणि ती ना स्टीलची, ना पितळेची. उत्तर नियमातच आहे: बाहेर धातूचं कवच आणि आत शिसं किंवा दुसरा पदार्थ भरायला परवानगी आहे. 'स्टीलचा गोळा आहे, पण वजन तीस टक्के जास्त येतंय' अशी तक्रार आली तर मी आधी विचारतो की गोळा आला कुठून.

घनफळच थेट मोजायचं असेल तर मोजपात्रात गोळा टाकून पाण्याची पातळी वाचण्याची पद्धत सगळे सांगतात. एका गोळ्यासाठी ती मला कामाची वाटत नाही. पात्रावर एक-एक मिलिलिटरच्या खुणा असतील तर ४.१९ चा आकडा अर्धा मिलिलिटर इकडेतिकडे वाचला जाऊ शकतो, म्हणजे बारा टक्के चूक. दहा सारखे गोळे एकदम टाका, तर ठीक.

त्यापेक्षा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा असेल तर असं करा. पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्य करा. गोळा बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर जेवढे ग्रॅम दिसतील, जवळजवळ तेवढेच घन सेंटिमीटर गोळ्याचं घनफळ. आर्किमिडीजचं तत्त्व ते हेच: पाणी गोळ्याला वर ढकलतं, तेवढ्याच जोराने गोळा पाण्याला खाली दाबतो. २० मिमीचा गोळा ४.१८ दाखवेल. आकडा एकदम बत्तीस-तेहतीसवर गेला तर गोळा तळाला टेकला आहे. गोळ्याला चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसा, पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला तर ते चिकटतच नाहीत. या रीतीने घनफळ पाव टक्क्यापर्यंत मिळतं, व्हर्नियरच्या दीड टक्क्यापेक्षा कितीतरी चांगलं. भोक किंवा पोचा असेल तर तोही आपोआप हिशोबात धरला जातो.

गणित बरोबर, काटा बरोबर, आणि तरी माणूस म्हणतो की 'पण हातात धरल्यावर शिशाचाच गोळा जड लागतो' तेव्हा त्याला खोटं पाडू नका. त्याला खरंच तसं वाटतं. सारख्या वजनाच्या दोन वस्तूंपैकी लहान वस्तू हाताला जड भासते. फ्रेंच वैद्य ऑगस्तँ शार्पाँतिए यांनी १८९१ मध्ये याचे प्रयोग नोंदवले आहेत. वजन माहीत असूनही हा भास जात नाही. वरच्या यादीतलं ३० मिमीचं ॲल्युमिनिअम १८ मिमीच्या शिशापेक्षा दहा टक्के जड आहे, पण डोळे उघडे ठेवून दोन्ही तळहातांवर घेतलं तर बहुतेकांचं मत शिशाकडेच जाईल.

राहिली ती यादीतली शेवटची जोडी: स्टील ६२.८ आणि तांबं ६१.५. फरक दोन टक्क्यांचा. ०.१ मिमीच्या व्हर्नियरने दोन्ही व्यास मोजले असतील तर दोघांच्या वजनातली शक्य चूक मिळून तीन टक्के होते, शिवाय स्टीलची घनता नेमकी ७.८५ आहे की ७.७ हे आपण गृहीतच धरलं आहे. इथे 'स्टील जड' असं ठामपणे लिहिलं तर ते आपल्या मोजमापात नसलेलं काहीतरी लिहिणं होईल. अशा जोडीपुढे 'या मापांवरून ठरत नाही' असंच लिहायचं, आणि ठरवायचंच असेल तर दोन पारड्यांचा तराजू घ्यायचा. गोळे घरंगळू नयेत म्हणून दोन्ही पारड्यांत एकसारखी बाटलीची झाकणं ठेवा, काटा मध्यावर आला का ते पाहा, मग गोळे ठेवा. एकदा तोलून झालं की गोळ्यांची पारडी बदला आणि पुन्हा तोला. दोन्ही वेळी तोच गोळा खाली गेला तर तो जड.